शाळा म्हणते, ‘शॅडो टीचर तुम्हीच आणा’. कायदा काय म्हणतो?

नमस्कार मंडळी. शॅडो टीचर म्हणजे वर्गात एका मुलाशेजारी बसून त्याला मदत करणारी मदतनीस. ‘मुलाला प्रवेश देतो, पण शॅडो टीचर तुम्ही शोधायची आणि तिचा पगारही तुम्हीच द्यायचा.’ ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, शांत बसणं अवघड जाणं) असलेल्या मुलांच्या कितीतरी पालकांना शहरातल्या खासगी शाळांत हे ऐकावं लागतं. प्रवेश हातचा जाईल या धास्तीने ते मुकाट्याने हो म्हणतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातलं कलम १६ लिहूनच ठेवा. सरकारी अनुदान घेणाऱ्या किंवा सरकारमान्य असलेल्या सगळ्या शाळा त्यात येतात. म्हणजे तुमची खासगी शाळासुद्धा. भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी आणि लागेल तिथे वैयक्तिक मदत, हे सगळं त्यात आहे. वाजवी सोय नाकारणं हा याच कायद्याने भेदभाव ठरतो. आणि हो, प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व असलंच पाहिजे ही अट कलम १६ ला नाही. ती कलम ३१ ला आहे, ६ ते १८ वयाच्या मुलांच्या मोफत शिक्षणासाठी.

मग मदतनीसाचा पगार कोणी द्यायचा? कायदा इथे गप्प आहे. कलम १६ मध्ये मदतनीस येतो तो फक्त प्रवासापुरता: जास्त आधार लागणाऱ्या मुलाच्या सोबत्याचीही वाहतुकीची सोय करा, असं. गाडीतला सोबती कायद्याला दिसला, वर्गातला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पण पालकांनी पैसे द्यावेत असंही कायदा कुठे म्हणत नाही. म्हणून ‘हा नियमच आहे’ असं शाळेने सांगितलं, तर तो नियम लेखी मागा.

आता वर्गात काय होतं ते बघू. दुसरीचा वर्ग. शॅडो टीचरला इथे सगळे ‘ताई’ म्हणतात. बाई फळ्याजवळून म्हणतात, ‘ताई, त्याला वही काढायला सांगा.’ ताई दप्तरातून वही काढते, पान उघडते, तारीखही तीच लिहिते. वही पूर्ण होते, पण बाई दिवसभरात त्या मुलाशी एक शब्द बोललेल्या नसतात. शेजारचा मुलगाही खोडरबर ताईकडेच मागतो. अशी मदत त्या मुलाभोवती भिंत उभी करते.

चांगली ताई वेगळं वागते. मधली सुट्टी व्हायला पाच मिनिटं असताना चित्राचं कार्ड दाखवते, म्हणजे घंटेने तो दचकत नाही. वही त्याला काढू देते, वेळ लागला तरी. गटात काम सुरू झालं की दोन पावलं मागे सरकते. शिकवायची जबाबदारी मात्र वर्गशिक्षकाचीच, आणि अभ्यास कसा बदलायचा हे विशेष शिक्षकाने, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाने ठरवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला केंद्र सरकारला सांगितलं, आणि केंद्राने २०२२ मध्ये ते ठरवलं: प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक, त्यापुढे १५ दिव्यांग मुलांमागे एक. आपल्याकडे सरकारी शाळांतले विशेष शिक्षक अजून बऱ्याच ठिकाणी एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरत असतात. शाळेत ताई आहे म्हणून विशेष शिक्षक नको, हे अजिबात चालवून घेऊ नका.

शाळेशी बोलताना तोंडी काही ठेवू नका. मुख्याध्यापकांच्या नावाने अर्ज द्या, कलम १६ चा उल्लेख करा आणि पोच घ्या. वैयक्तिक शिक्षण आराखडा मागा. ताई कोणत्या तासाला बसेल, नेमकी कशात मदत करेल आणि ती मदत टप्प्याटप्प्याने कशी कमी करायची, हे त्यात आलंच पाहिजे. शाळेने दाद दिली नाही, तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. तिथेही काही झालं नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. चौकशीसाठी साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. त्यांनी शिफारस केली, की संबंधित प्राधिकरणाने काय कारवाई केली ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. तक्रारीला अर्जाची ती पोच जोडा.