गुंतवळाची पुडी

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘नैराश्याची औषधं आणि केसगळती’. त्याकडे मी येणारच आहे. पण सुरुवात गुंतवळापासून करू द्या. पुढच्या रांगेतल्या काकूंना हा शब्द समजावून सांगायला नको, मागे उभ्या असलेल्या मुलींसाठी सांगते. वेणी घालण्याआधी केस विंचरले की फणीत जे केस येतात, ते बोटाभोवती गुंडाळून त्यांचं वेटोळं करायचं, ते गुंतवळ. माझी आजी ते जुन्या उशीच्या अभ्र्यात साठवायची. केसांवर भांडी देणारी बाई दारात आली की तो अभ्रा बाहेर यायचा आणि स्टीलच्या वाटीसाठी अर्धा तास घासाघीस चालायची. काही घरांत त्याच केसांचं गंगावन, म्हणजे वेणीत मिसळायचा केसांचा झुपका, करून घेत. म्हणजे डोक्यावरून उतरलेला केससुद्धा टाकायचा नाही, अशी आपली रीत होती.

मी त्वचारोगाची डॉक्टर. सत्तावीस वर्षं प्रॅक्टिस करते आहे. आजही आठवड्यातून दोन-तीन बायका पर्समधून वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवतात. आत गुंतवळ असतं. काही जणी तारीख घालून आणतात. मी प्रत्येक पुडी त्यांच्यासमोर उघडते, दोन-चार केस उजेडात धरते आणि टोकाला पांढरा गोळा आहे का ते बघते. हे मी करते, त्याला कारण आमच्या घरातली एक पुडी आहे. तिची गोष्ट थोडी लांब आहे, पण ती मला सांगायचीच आहे.

थोरल्या वहिनी. त्यांचे केस गुडघ्यापर्यंत. लग्नात अंबाडा बांधायला दोन जणी लागल्या होत्या. २००९ च्या सुमाराला त्यांची आई गेली आणि वहिनी हळूहळू विझत गेल्या. जेवण तुटलं. देवपूजा सुटली. दुपारी गॅसवर दूध ठेवून तिथंच उभ्या राहायच्या, दूध उतू जायचं, त्यांना कळायचं नाही. तीन महिने आम्ही सगळे म्हणत राहिलो, आईचं दुःख आहे, ओसरेल. मीही म्हणत राहिले. मग भाऊ त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला आणि गोळ्या सुरू झाल्या. दीड महिन्यात वहिनी पुन्हा माणसांत आल्या. गौरीला त्यांनी स्वतः पुरण वाटलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

दिवाळीच्या आधी केस गळायला लागले. उशीवर केस, मोरीच्या जाळीत केस, भाकरीच्या पिठातसुद्धा केस. भांग रुंद दिसायला लागला. वहिनींनी पुडी बांधली आणि डॉक्टरांसमोर ठेवली. डॉक्टर म्हणाले, “केसांचं काय घेऊन बसलात? जीव सावरला ना!” पुडी उघडलीसुद्धा नाही. वहिनी ती पुडी पर्समध्ये ठेवून घरी आल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी तोंडाऐवजी तांदळाच्या डब्यात जायला लागली.

घरात त्वचेची डॉक्टर नणंद असताना त्यांनी मलाही सांगितलं नाही. मी नंतर विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “वन्सं, डोक्याच्या गोळ्यांनी मला उभं केलं, आणि मी केसांसाठी रडतेय हे सांगायची लाज वाटली.” संक्रांतीपर्यंत वहिनी पुन्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. तांदूळ निवडताना माझ्या आईच्या हाताला बेचाळीस गोळ्या लागल्या.

मंडळी, त्या लाजेबद्दल मला इथे थांबायचंय. केसांची काळजी म्हणजे नखरा, असं आपण बाईला पटवून दिलंय. आणि याच महाराष्ट्रात नवरा गेला की बाईचं पहिलं काय काढून घेत होते? केस. १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईतल्या नाभिकांना एकत्र केलं आणि त्या माणसांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला. आमच्या पणजीच्या डोक्यावर आलवणाचा, म्हणजे विधवेच्या तांबड्या लुगड्याचा, पदर होता, त्याखाली काय होतं ते आजीनं पाहिलं होतं. अशा घरांतून आलेल्या बाईच्या हातात मूठभर केस आले तर तिच्या पोटात खड्डा पडणारच. ती भीती शिकवलेली आहे, पिढ्यान्‌पिढ्या. पुरुषांनाही ती आहे. लग्न ठरायच्या वयाची मुलं माझ्याकडे टोपी घालून येतात आणि दार लावल्याशिवाय टोपी काढत नाहीत.

बुलढाणा आठवतंय? जानेवारी २०२५, शेगाव तालुका, बोंडगाव, कालवड, हिंगणा. तीन-चार दिवसांत माणसांना टक्कल पडत होतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं, पाणी तपासलं, रक्त तपासलं. विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या मूलद्रव्याकडे बोट दाखवलं. त्या गावांची तक्रार ऐकली गेली, ते योग्यच झालं. मला एवढंच वाटतं, की एकट्या बाईची पुडीही तितक्याच गांभीर्याने उघडावी.

चिठ्ठी आली, पंधरा मिनिटं राहिलीत. बरं. बुलढाण्याचा धागा पकडूनच मूळ विषयाकडे येते, कारण फरक दिवसांचा आहे. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवडे थबकतो आणि मग तीनेक महिने विसावा घेऊन गळतो. रोज ५० ते १०० केस जाणं नेहमीचं आहे. शरीराला धक्का बसला, मग तो टायफॉइडचा असो, डेंग्यूचा, बाळंतपणाचा, उपासमारीचा किंवा एखाद्या औषधाचा, की वाढणारे पुष्कळ केस एकदम विसाव्याला जातात. गळतात ते दोन-तीन महिन्यांनी, टोकाला तो पांढरा गोळा घेऊन. त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये याला टेलोजेन एफ्लुव्हियम हे नाव दिलं. कोविडनंतर घरोघरी हेच झालं होतं. म्हणून केस गळतात असं कुणी सांगितलं, की मी कॅलेंडर उलटं फिरवते आणि विचारते, तीन महिन्यांपूर्वी काय झालं? विषबाधेत किंवा कॅन्सरच्या केमोथेरपीत केस दिवसांत-आठवड्यांत जातात, तो प्रकार वेगळा.

वहिनींचं कॅलेंडर फिरवलं तेव्हा काय निघालं? गोळी तीन-चार महिन्यांपूर्वी सुरू झाली होती, हे खरं. पण त्याच्याही आधीचे तीन महिने त्या जेवल्याच नव्हत्या. हिमोग्लोबिन साडेआठ, लोहाचा साठा जवळजवळ रिकामा. गोळीचा वाटा किती आणि उपाशी शोकाचा किती, ते वेगळं काढता येईना. देशपातळीवरच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. अशा देशात थेट गोळीवर आळ घेण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) आणि थायरॉइड बघायलाच हवं.

आता गोळ्या. भराभर सांगते. नैराश्याच्या जवळजवळ सगळ्या औषधांवर केसगळतीच्या नोंदी आहेत, पण प्रमाण कमी आहे. अमेरिकेतल्या विमा नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दहा लाखांवर रुग्ण होते. ब्युप्रोपिऑन घेणाऱ्यांत गळती सर्वांत जास्त दिसली, फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन घेणाऱ्यांत सर्वांत कमी. जास्त म्हणजे किती? फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, सर्ट्रालिन या एकाच गटातल्या औषधांऐवजी ब्युप्रोपिऑन दिलं, तर दोन वर्षांत सुमारे २४२ जणांमागे एकाला जादा. लिथियम आणि व्हॅल्प्रोएट ही मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधं; त्यांच्यात केसगळती जास्त आढळते. व्हॅल्प्रोएटमध्ये ती डोसाबरोबर वाढते. लिथियम थायरॉइड मंदावतं, त्यानेही केस जातात, तेव्हा तिथे थायरॉइडची तपासणी चुकवू नका.

गोळी मनाने बंद करायची नाही. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन अचानक सोडलं तर घेरी, मळमळ, डोक्यात विजेचे झटके असा त्रास होतो, आणि आजार परततो तो वेगळाच. डॉक्टरांना सांगा, पुडी दाखवा. ते डोस कमी करू शकतात, हळूहळू दुसरं औषध आणू शकतात, किंवा थांबूनही बघता येतं, कारण काही वेळा गोळी चालू असताना गळती थांबते. या प्रकारात केसाचं मूळ मरत नाही. कारण दूर झालं की तीन ते सहा महिन्यांत गळती ओसरते आणि कपाळाच्या कडेला बाळाच्या जावळासारखे बारीक केस दिसू लागतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून लांब वेणी पूर्वीसारखी व्हायला काही वर्षं जातात. हे पहिल्या दिवशीच कुणी सांगितलं असतं तर ते तांदूळ आम्हाला निवडावे लागले नसते. वहिनींना दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, मी लोह दिलं. पुढच्या गौरीला त्यांचा अंबाडा बांधायला एकच जण पुरली, पण तो बांधला.

डॉक्टर सापडत नसेल, बोलायला कुणी नसेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा, क्रमांक लिहून घ्या. फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

वेळ संपली म्हणताहेत. हातात एक चिठ्ठी आहे, तेवढी घेते. “बायोटिनच्या गोळ्या घेऊ का?” बायोटिन हे एक जीवनसत्त्व. शरीरात त्याची कमतरता नसेल तर त्याने केस येतात असा भक्कम पुरावा नाही. आणि बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासणीचा आकडा चुकीचा येऊ शकतो. आधीपासून घेत असाल, तर डॉक्टरांना विचारून रक्त देण्याच्या निदान दोन दिवस आधी बंद करा, आणि रक्त घेणाऱ्यालाही सांगा. बाकीच्या चिठ्ठ्या घेऊन मी बाहेर पायरीवर बसते. पुडी आणली असेल तर तीही घेऊन या.