पेसमेकरनंतर छातीत दुखतंय: जखम, वायर की हृदय?

श्रोतेहो, नमस्कार.

पेसमेकर बसवून घरी आलेल्या माणसाच्या छातीत दुखू लागलं की घरात दोन मतं पडतात. एकाचं म्हणणं, "टाके आहेत, दुखणारच." दुसऱ्याचं, "आता तर मशीन बसवलंय, हृदयाची काळजी मिटली." पहिलं बऱ्याचदा खरं असतं, पण नेहमी नाही. दुसरं मात्र साफ चुकीचं आहे. पेसमेकर फक्त ठोक्यांची गती सांभाळतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असेल तर तो तसाच राहतो आणि त्याची कळही येऊ शकते.

तेव्हा दुखणं नेमकं कुठलं, हे आधी पाहावं लागतं. कॉलरबोनच्या खाली, बहुधा डाव्या बाजूला, चार-पाच सेंटिमीटरचा छेद घेऊन त्वचेखाली एक कप्पा करतात आणि त्यात पेसमेकरची डबी ठेवतात. तिच्यापासून निघालेली एक किंवा दोन वायर, म्हणजे लीड, शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यांत जाते. दुखण्याच्या जागा या वाटेवरच आहेत.

जखमेचं दुखणं ओळखायला सोपं. ते डबीच्या आसपास असतं, हात हलवला किंवा त्या कुशीवर झोपलं की वाढतं, आणि रोज थोडं थोडं कमी होत जातं. पहिले काही दिवस ठणका, मग आठवडा-दोन आठवडे हुळहुळेपणा, इतकं ठीक आहे. त्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्यावं, दोन मात्रांत किमान सहा तास जाऊ द्यावेत. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर मुळीच नाही, कारण डबीच्या कप्प्यात रक्त साचू शकतं. तिथे घट्ट, ताणलेली सूज आली तर चोळू नका, शेकू नका, थेट दवाखाना गाठा. कुणी सुई घालून रक्त काढू म्हणालं तर बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू देऊ नका, कारण सुईबरोबर जंतू आत जातात. जंतुसंसर्ग डबीपर्यंत पोचला तर नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, बहुतेक वेळा डबी आणि वायर दोन्ही काढाव्या लागतात. लाली, गरमपणा, पाणी किंवा पू, ताप यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका.

श्वास घेताना टोचणारं दुखणं मात्र वेगळं. पहिल्या एक-दोन दिवसांत खोल श्वासाला बाजूत चमक येते आणि दम लागतो, तेव्हा शिरेत सुई घालताना फुफ्फुसाला टोचलं गेलं असण्याची शंका घ्यावी. छातीचा एक्स-रे काढला की बहुधा उलगडा होतो. फुफ्फुसाभोवती थोडी हवा साचली असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, जास्त असेल तर नळी घालून काढतात.

वायरचं टोक हृदयाच्या भिंतीत रुतलं किंवा आरपार गेलं, तरी असंच टोचतं. हे क्वचित घडतं, पण चुकवून चालत नाही. ते पहिल्या दिवशी होतं, तसं दोन-तीन आठवड्यांनीही होतं. आडवं झालं की कळ वाढते आणि पुढे वाकून बसलं की हलकी होते, ही हृदयाच्या आवरणाला सूज आल्याची खूण. सोबत न थांबणारी उचकी किंवा ठोक्याच्या तालावर पोटाच्या वरच्या भागात फडफड असेल, तर वायर सरकल्याची किंवा विद्युत मात्रा जवळच्या स्नायूपर्यंत पोचत असल्याची शक्यता असते. आवरणात रक्त साचलं तर चक्कर येते, रक्तदाब पडतो, घाम फुटतो. मग फोनवर सल्ला विचारत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. रुग्णालयात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात आणि पेसमेकर यंत्रावर तपासून वायरचा विद्युत रोध, ठोका उमटवायला लागणारी कमीत कमी मात्रा वगैरे आकडे बसवतानाच्या आकड्यांशी ताडून पाहतात.

वायर सरकू नये म्हणून साधारण चार ते सहा आठवडे त्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही आणि चार-पाच किलोपेक्षा जड उचलायचं नाही. पण काळजीपोटी हात गळ्यात बांधून ठेवणाऱ्या घरच्यांनी हेही ऐकावं: हात अजिबात हलवला नाही तर खांदा आखडतो आणि मग महिनाभराने दुखतो तो खांदा, छाती नव्हे. कोपर कमरेजवळ ठेवून हात पुढे-मागे हलवत राहा. डबी बोटांनी फिरवायची सवय मात्र लावून घेऊ नका, त्याने वायर गुंडाळली जाते आणि जागची ओढली जाते.

आता हृदयाचं स्वतःचं दुखणं. छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखं वाटणं, चालताना येणं आणि थांबल्यावर उतरणं, जबडा किंवा हाताकडे जाणं. काहींना पूर्वी ठोके मंद असल्यामुळे चढावर त्रास होत नसे. आता हालचालीबरोबर पेसमेकर गती वाढवतो आणि अरुंद रक्तवाहिनीला ती झेपत नाही. असं असेल तर गतीची वरची मर्यादा कमी करून पाहता येते, पण मूळ अडथळ्याचा इलाज वेगळा करावा लागतो. विश्रांतीतही दाब पंधरा मिनिटांहून जास्त टिकला, किंवा घाम, उलटी, धाप सोबत असेल, तर तो हृदयविकाराचा झटका समजूनच निघा. खरं तर अशी लक्षणं सोबत असतील तर पंधरा मिनिटंही मोजू नका.

आपत्कालीन विभागात पोचल्यावर पहिलं वाक्य असावं, "पेसमेकर आहे, अमुक तारखेला बसवलाय," आणि पेसमेकरचं कार्ड पुढे करा. पेसमेकरच्या ठोक्यांनी ईसीजीची आकृतीच बदललेली असते, त्यामुळे झटका आलाय की नाही हे तिच्यावरून पटकन सांगता येत नाही. म्हणून ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची, रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने पुन्हा करतात. पहिला अहवाल नॉर्मल आला म्हणून हट्टाने घरी जाऊ नका, दुसरा येईपर्यंत थांबा. आधीच्या ईसीजीची प्रत त्या कार्डासोबतच ठेवलेली बरी, तुलनेला ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते.