सगळ्यांची पाठ असते ते संग्रहालय | इस्तंबूलमधली तुर्की आणि इस्लामी कला

नमस्कार मंडळी!

इस्तंबूलच्या सुलतानअहमद चौकात प्रत्येक जण मोबाइल उंचावून एकाच दिशेला तोंड करून उभा असतो. समोर निळी मशीद, तिचे सहा मिनार. फोटो तर हवाच. पण या गर्दीच्या पाठीमागे, चौकाच्या पलीकडच्या बाजूला, एक भक्कम जुना वाडा आहे. आज आपण त्या वाड्यात जाणार आहोत. तुर्की आणि इस्लामी कला संग्रहालय. सहलीच्या घाईत हे ठिकाण सहज सुटतं आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा व्हिडिओ.

(पडद्यावर: चौकाचा नकाशा)

आधी वाडा कोणाचा ते सांगते. हा इब्राहिम पाशाचा. तुर्कस्तानातल्या ऑटोमन साम्राज्याचा सुलतान सुलेमान, त्याचा हा जिवलग मित्र. मूळचा ग्रीसच्या पार्गा गावचा, गुलाम म्हणून आलेला, आणि १५२३ साली थेट वजीर-ए-आझम, म्हणजे मुख्य वजीर, झालेला. तुर्की मालिका बघणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असेल. १५२६ मध्ये हंगेरीवर विजय मिळवून परतताना त्यानं बुडा शहरातून डायना, अपोलो आणि हर्क्युलिसचे ब्राँझचे पुतळे आणले आणि या वाड्यासमोर उभे केले. मुसलमान राजधानीत, भर चौकात, ग्रीक-रोमन देवदेवता! फिगानी नावाच्या कवीच्या नावावर तेव्हा दोन ओळी गावभर झाल्या. त्यांचा आशय असा, की जगात दोन इब्राहिम झाले, एकानं, म्हणजे प्रेषित इब्राहिमनं, मूर्ती फोडल्या आणि दुसऱ्यानं उभारल्या. १५३२ मध्ये त्या कवीला फासावर दिलं. चारच वर्षांनी, १५३६ मध्ये, खुद्द इब्राहिमलाही सुलतानानं मारवलं.

वाडा मात्र राहिला. १५८२ मध्ये शाहजाद्याच्या सुंतेचा उत्सव या चौकात पन्नासहून जास्त दिवस चालला, तेव्हा सुलतान तिसरा मुराद याच वाड्यातून खाली बघत होता. विणकर, नानबाई, कुंभार अशा सगळ्या व्यवसायांच्या मिरवणुका त्याच्यासमोरून गेल्या.

आता संग्रहालयाकडे येऊ. आत बघताना एक गोष्ट मनात ठेवा, अशी माझी विनंती आहे. इथल्या कितीतरी वस्तू राजाच्या खजिन्यातल्या नाहीत. लोकांनी पुण्य म्हणून मशिदींना, मदरशांना, कबरींना वाहिलेल्या, म्हणजे वक्फ केलेल्या वस्तू आहेत. गालिचे, कुराणाच्या प्रती, त्या ठेवायच्या लाकडी घोड्या, दिवे, मेणबत्त्यांचे स्टँड. रोजच्या वापरातल्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात अशा वस्तूंना गिऱ्हाईक वाढलं आणि मशिदींमधून माल गायब व्हायला लागला. चोऱ्या थांबवायच्या, तर वस्तू एका ठिकाणी आणून नोंदवायला हव्यात. त्यातून १९१४ साली हे संग्रहालय सुरू झालं. त्याची पहिली जागा होती सुलेमानिया मशिदीच्या आवारातलं अन्नछत्र. या वाड्यात ते १९८३ मध्ये आलं.

(पडद्यावर: कोन्याचा गालिचा, जवळून)

आणि आता ज्यासाठी मी तुम्हाला इथं आणलंय ते. गालिचे. इथं घाई करू नका, बाकी दालनांतली वेळ वाचवून इथं खर्च करा.

मध्य तुर्कस्तानात कोन्या नावाचं शहर आहे. ऑटोमनांच्या आधी इथं राज्य करणाऱ्या सेल्जुक सुलतानांची राजधानी. तिथल्या अलाउद्दीन मशिदीत १९०५ साली काही फार जुने गालिचे आणि त्यांचे तुकडे सापडले. तेराव्या शतकातले! त्याच शतकात मार्को पोलोनं लिहून ठेवलंय की जगातले सगळ्यात सुंदर गालिचे या मुलखात विणले जातात. ते टिकले कसे? मशिदीत कोणी नवा गालिचा वाहिला की तो जुन्यावरच अंथरायची रीत. थरांवर थर. सहाशेहून जास्त वर्षं नमाजाची पावलं वरच्या थरांवर पडत राहिली.

त्यांच्यासमोर उभं राहिलात की पहिल्यांदा नजरेत भरतो आकार. हे बैठकीच्या खोलीतले गालिचे नव्हेत, अख्ख्या मशिदीच्या जमिनीसाठी विणलेले. रंग मोजकेच, लाल आणि निळ्याच्या दोन-दोन छटा, थोडा पिवळा, थोडा पांढरा. मधल्या भागात एकच छोटी आकृती ओळींमागून ओळींत येत राहते आणि बाजूच्या काठावर मोठाली, टोकदार, कुफी, म्हणजे जुन्या कोनदार अरबी लिपीतल्या, अक्षरांसारखी नक्षी. अक्षरांसारखी म्हणते, कारण ती वाचता येत नाही. मधलं शांत आणि काठ गर्जना करणारा. मला स्वतःला नंतरच्या दरबारी, फुलापानांच्या गालिच्यांपेक्षा हे जास्त आवडतात.

विणकाम समजून घ्या, म्हणजे बघण्यात मजा येईल. मागावर उभे धागे ताणलेले असतात. लोकरीचा एक तुकडा शेजारच्या दोन उभ्या धाग्यांवरून घ्यायचा, दोन्ही टोकं त्यांच्या मधून पुढं ओढायची, कापायची. झाली एक गाठ. अशा गाठींची ओळ पुरी झाली की आडवा धागा घालून जड फणीनं ठोकून बसवायची. मग पुढची ओळ. हिला तुर्की गाठ म्हणतात.

पुढच्या दालनांत पंधराव्या-सोळाव्या शतकातले गालिचे आहेत आणि त्यातल्या काहींना चक्क युरोपीय चित्रकारांची नावं आहेत. होल्बाइन गालिचा, लोट्टो गालिचा. युरोपातल्या श्रीमंतांना अनातोलियाचे, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातले, गालिचे इतके मोलाचे वाटायचे की ते टेबलांवर पसरायचे आणि चित्रकार ते बारकाईनं रंगवायचे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत होल्बाइनचं १५३३ मधलं दोन राजदूतांचं चित्र आहे, त्यात टेबलावर असाच गालिचा आहे. अभ्यासकांना त्याचा मोठा आधार मिळाला. गालिच्यावर साल नसतं, चित्राचं साल माहीत असतं, म्हणजे ती नक्षी निदान त्या वर्षी तरी विणली जात होती. पण विणणाऱ्यांची नावं आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत, हे मला फार लागतं.

(पडद्यावर: कुफी लिपीतलं चर्मपत्र)

कुराणाची पानं मी थोडक्यात सांगते, पण चुकवू नका. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत जुनी, फाटकी पानं पिढ्यान् पिढ्या जपून ठेवलेली होती. देवाचा शब्द केरात कसा टाकायचा? आपल्याकडे जीर्ण पोथी गंगेत सोडतात, तिथं ती राखून ठेवली. १८९३ मध्ये त्या मशिदीला आग लागली, त्यानंतर, पहिल्या महायुद्धाच्या काळात, ही पानं इस्तंबूलला आली. त्यात इस्लामच्या अगदी सुरुवातीच्या शतकांतली चर्मपत्रं आहेत. रुंद, आडवी, जाड अक्षरं. अरबी येत नसली तरी चालेल, फक्त दोन अक्षरांमधली मोकळी जागा बघा.

आणि एक दार. तुर्कस्तानच्या दक्षिण-पूर्वेच्या जिझ्रे गावातल्या मोठ्या मशिदीचं, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं. लाकडावर धातूचे पत्रे, त्यावर ताऱ्यांची नक्षी. कडी म्हणजे दोन ड्रॅगन एकमेकांना भिडलेले आणि मध्ये सिंहाचं डोकं. त्याच भागातल्या अल-जझारी या यंत्रकारानं १२०६ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात अशाच कडीचं वर्णन केलंय. दाराला दोन कड्या होत्या. १९६९ मध्ये एक चोरीला गेली आणि ती आता कोपनहेगनच्या संग्रहालयात आहे! १९१४ मध्ये ज्या भीतीनं हे संग्रहालय काढलं, ती किती खरी होती बघा.

कडीवरचं सिंहाचं डोकं बघून विजापूरची मुलूखमैदान तोफ आठवली का? जबडा वासलेल्या तोंडाची? ती १५४९ साली आपल्या अहमदनगरात ओतली गेली आणि ओतणारा होता महंमद रूमी, ऑटोमन मुलखातून दख्खनमध्ये आलेला कारागीर. अशी माणसं समुद्र ओलांडून निजामशाहीत येत होती, कामं मिळवत होती.

आता जायचं कसं? टी-वन ट्राम, सुलतानअहमद थांबा, तिथून चालत काही मिनिटं. दोन-अडीच तास हाताशी ठेवा. निळ्या मशिदीच्या आधी इथं या, म्हणजे मशिदीतल्या गालिच्यावर पाय ठेवताना नजर आपोआप खाली जाईल. वेळा आणि तिकीट बदलत असतात, निघण्याआधी संग्रहालयाच्या साइटवर बघून घ्या.

नंतर ग्रँड बझारात गेलात की दुकानदार चहा देईल आणि धडाधड गालिचे उलगडेल. पुढच्या बाजूवर भुलू नका. कोपरा उचला, गालिचा उलटा करा, मागच्या गाठी बघा. हातविणीच्या गालिच्यात नक्षी मागूनही तितकीच स्पष्ट दिसते, आणि झालर वेगळी शिवलेली नसते, ती उभ्या धाग्यांचीच टोकं असतात. झालर वरून शिवलेली दिसली, तर किमतीचं बोलायच्या आधी कारण विचारा.