टिबुकलीचं तरंगतं घर

(पहाट. तलावावर धुकं. पाण्याचा आवाज तसाच राहू द्यावा.)

पैठण तालुक्यातला हा पाझर तलाव. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यात असे कितीतरी तलाव दुष्काळी कामांवर उभे राहिले. बायाबापड्यांनी डोक्यावरून माती वाहिली. आता भाद्रपद आहे, पाणी काठोकाठ आहे.

डावीकडे बघा. वीतभर लांबीचा तपकिरी गोळा. गेला! एक, दोन, तीन, चार... तो बघा, पंधरा-वीस हात पलीकडे वर आला.

ही टिबुकली.

बरेच जण हिला बदकाचं पिल्लू समजतात. पण बदकाची चोच चपटी, हिची बारीक आणि टोकदार. शेपूट जवळजवळ नाहीच, त्यामुळे मागून बघितलं तर कापसाचं बोंड फुटल्यासारखं दिसतं. विणीच्या दिवसांत गाल आणि मान विटकरी होते, चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका चमकतो. हिवाळ्यात रंग उतरतो, ठिपकाही फिकुटतो. तेव्हा चोच आणि बोंड एवढ्यावरच ओळखायचं. मागे पोहतोय तो काळा पक्षी वारकरी. त्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा लांबूनही दिसतो.

टिबुकलीचे पाय शरीराच्या अगदी मागे असतात आणि बोटाबोटाला वेगळी झालर असते. पाण्यात हीच वल्ही. जमिनीवर मात्र तिला धड चालता येत नाही. कधी ती उसळी घेऊन बुडी मारते, तर कधी पिसांतली हवा दाबून काढते आणि तरंगही न उठवता खाली जाते.

(घरटं, जवळून.)

हा कुजक्या पाणवनस्पतींचा ढीग म्हणजे तिचं घर. बेशरमाच्या त्या वाकलेल्या फांदीला ते अडकवलेलं आहे. पाणी चढलं की घरटंही चढतं. नर-मादी आळीपाळीनं जवळपास तीन आठवडे अंडी उबवतात.

काठानं म्हशी आल्या. टिबुकली उठली. आता फक्त तिची चोच बघा. डावीकडचं ओलं शेवाळ ओढलं, उजवीकडचं ओढलं, पुन्हा एकदा डावीकडचं. अंडी झाकली आणि ती पाण्यात शिरली. वरून घार गेली तरी तिला कुजका पालाच दिसेल. घातली तेव्हा ही अंडी पांढरी होती; या ओल्या पाल्यानंच ती तपकिरी झाली आहेत.

म्हशी गेल्या. ती परत आली, आधी पाला बाजूला सारला, मगच बसली.

जायकवाडीचं पक्षी अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. हिवाळ्यात नाथसागरावर, म्हणजे या धरणाच्या जलाशयावर, रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायला गर्दी होते, आणि व्हायलाच हवी. टिबुकली मात्र बारा महिने आपल्याकडेच असते, गावच्या तळ्यात. तिला हवा असतो काठावरचा एवढा झाडोरा: लव्हाळा, पाणकणीस, एखादी बुडालेली फांदी. पलीकडच्या तलावात उन्हाळ्यात गाळ काढताना पोकलेननं काठही खरवडला. तिथे यंदा घरटं नाही.

(पिल्लं.)

अंगावर पट्टे असलेली ही पिल्लं. टिबुकलीच्या कुळातले पक्षी स्वतःची पिसं गिळतात, पिल्लांनाही भरवतात. माशांचे काटे पोटात टोचू नयेत म्हणून, असं अभ्यासक मानतात.

पाठीवर किती जण बसलेत? पंखांतून डोकी वर येतील तशी मोजा. दोन. तीन. आणि हे चौथं.