संध्याकाळी सहानंतरचं चॅनेल

(जुनं फुटेज : मॉस्को, संसदेची इमारत)

ऑक्टोबर १९९३. चार तारखेला रणगाड्यांनी रशियाच्या संसदेवर तोफा डागल्या. पांढऱ्याशुभ्र इमारतीचे वरचे मजले काळेठिक्कर पडले. सहाच दिवसांनी, सेंट पीटर्सबर्गच्या चॅनेलवर उसन्या वेळेत, एन्टीव्ही हे खासगी चॅनेल सुरू झालं. पैसा बँकवाले व्लादिमीर गुसिन्स्की यांचा. चॅनेलचे अध्यक्ष इगोर मालाशेन्को, वय ३९.

हा गडी मुळात टीव्हीवाला नव्हेच. मॉस्को विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकले, प्रबंध लिहिला तो दांतेवर. सम्राट मोठा की पोप, या वादात उडी घेणारा हा इटालियन कवी! पुढे अमेरिका आणि कॅनडाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत संशोधन, मग कम्युनिस्ट पक्षाची केंद्रीय समिती, गोर्बाचेव यांचं प्रसिद्धी खातं, सरकारी टीव्ही. सत्तेवर पोथी लिहिणारा माणूस एकेक पायरी चढत सत्तेच्या माजघरात पोचला होता.

१७ जानेवारी १९९४ पासून एन्टीव्हीला चौथं चॅनेल मिळालं, पण अर्धंच. दिवसा तिथे ‘रशियन विद्यापीठे’ हे शैक्षणिक चॅनेल चाले. संध्याकाळी सहा वाजले की धडे बंद, आणि पडद्यावर एन्टीव्हीचा हिरवा गोळा.

त्याच डिसेंबरात रशियातून फुटू पाहणाऱ्या चेचन्यात युद्ध पेटलं. सरकारी निवेदनं एक सांगत, चेचन्याची राजधानी ग्रोझ्नीतून आलेली एन्टीव्हीची दृश्यं दुसरंच. शिवाय ‘कुकली’, म्हणजे बाहुल्या, हा टिंगलीचा कार्यक्रम. रबरी राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन, रबरी मंत्री. १९९५ मध्ये सरकारी वकिलांनी चक्क या कार्यक्रमावर फौजदारी खटला भरला! तो पुढे बारगळला.

मग आली १९९६ची निवडणूक. येल्त्सिन यांची लोकप्रियता एक आकडी, समोर कम्युनिस्ट झ्युगानोव. मालाशेन्को येल्त्सिन यांच्या प्रचाराच्या गाभ्यात जाऊन बसले, आणि एन्टीव्हीची खुर्चीही सोडली नाही. त्यांनी येल्त्सिन यांच्यासमोर फोटो मांडले. १९९१चे, लोकांच्या गराड्यातले. आणि ताजे, लोकांपासून तुटलेले. येल्त्सिन समजायचं ते समजले. जूनमध्ये रोस्तोवच्या स्टेजवर ते नाचताना दिसतात, ते हे.

(येल्त्सिन यांचा नाच)

दुसऱ्या फेरीच्या तोंडावर येल्त्सिन यांना हृदयविकाराचा झटका आला. मतदारांना पत्ता लागू दिला नाही. ३ जुलैला त्यांना सुमारे ५४ टक्के मतं पडली.

कम्युनिस्ट आले तर स्वतंत्र टीव्हीच उरणार नाही, असं मालाशेन्को उघडपणे म्हणत. भीती खोटी नव्हती. पण प्रचार आखणारा आणि बातम्यांचा धनी एकच असेल, तर प्रेक्षकाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? नोव्हेंबरात चौथं चॅनेल दिवसभरासाठी एन्टीव्हीला मिळालं. ‘रशियन विद्यापीठे’ बंद पडलं, तेही एका माजी संशोधकाच्या चॅनेलसाठी!

ज्या सत्तेने दिलं, तिनेच काढून घेतलं. जून २००० मध्ये गुसिन्स्की बुतिर्का तुरुंगात गेले. १४ एप्रिल २००१च्या पहाटे गाझप्रोम या सरकारच्या ताब्यातल्या गॅस कंपनीने नेमलेली माणसं एन्टीव्हीत शिरली. कित्येक पत्रकार बाहेर पडले.

२०१८च्या निवडणुकीसाठी मालाशेन्कोंनी पुन्हा एक प्रचार हाती घेतला. पुतिन यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या क्सेनिया सोबचाक यांचा. या खेपेला हाताशी चॅनेल नव्हतं. मतं पडली १.६८ टक्के.

२५ फेब्रुवारी २०१९ला स्पेनमध्ये त्यांचं निधन झालं. रशियात चौथं बटण दाबलं की हिरवा गोळा अजून दिसतो.