समारोप नसलेला उपदेश

(धुळ्यात झालेल्या एका व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

पाळक होण्यासाठी सेमिनरीत शिकलेल्या माणसाने जपानी कवितेवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटले असेल. पहाटेची प्रार्थना, मग ग्रीक क्रियापदांची घोकंपट्टी, दुपारी भांडी घासण्याची पाळी आणि संध्याकाळी वर्गमित्रांसमोर बारा मिनिटांचा उपदेश, अशा आमच्या दिनक्रमात दुसऱ्या वर्षी 'कथनकला' हा विषय आला आणि त्याच्या जोडीला, बहुधा आमच्या शिक्षकांच्या हौसेपोटी, जपानी काव्याचा एक ऐच्छिक तासही आला. त्या तासाला गृहपाठ नसतो असे कोणीतरी सांगितले म्हणून मी नाव नोंदवले. ती माहिती खोटी निघाली.

कथनकलेचा पहिला धडा नाथान संदेष्ट्याचा होता. दावीद राजाने दुसऱ्याची बायको पळवून तिच्या नवऱ्याला लढाईत मारवले, तेव्हा नाथानाने त्याच्यावर थेट आरोप केला नाही; एका श्रीमंताने पाहुण्यासाठी गरिबाची एकुलती एक कोकरी कापल्याची गोष्ट त्याने सांगितली. राजा संतापून म्हणाला की, असा माणूस मरणाला पात्र आहे, आणि मगच नाथान म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस." गोष्टीने आपले काम आधीच केलेले होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला तर याच्याही पुढे जातो. धाकटा परततो, घरात मेजवानी सुरू होते, थोरला रुसून बाहेर उभा राहतो आणि बाप त्याची समजूत घालतो. पण थोरला शेवटी आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलेच नाही. लहानपणापासून मी हा दाखला ऐकत आलो, आणि दर वेळी उपदेशकाने थोरल्याला आपल्या पदरचे चार शब्द ऐकवून ते दार लावून टाकलेले पाहिले.

बाशो या जपानी कवीची (1644–1694) बेडकावरची कविता, म्हणजे एक हायकू, आम्ही याच सुमारास वाचली. 1686 सालच्या त्या कवितेत एक जुने तळे आहे, उडी घेणारा बेडूक आहे आणि पाण्याचा आवाज आहे. याहून अधिक काही नाही. 'फुरुइके', म्हणजे जुने तळे, या शब्दानंतर 'या' हा एक छोटा उच्चार येतो. त्याला स्वतंत्र अर्थ नाही. तो वाक्य तोडतो आणि ऐकणाऱ्याला क्षणभर तळ्याकाठी उभे करतो, म्हणून त्याला 'किरेजी', अर्थात तोडणारे अक्षर, असे म्हणतात. अशा रचनेत पाच, सात, पाच अशी सतरा एकके असतात. अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांवर वाढलेल्या आपल्या कानाला हे ओळखीचे वाटते खरे, पण त्यात एक गफलत आहे. जपानी एकक आपल्या अक्षरापेक्षा मात्रेला जवळचे आहे: 'तोक्यो' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, जपानी मोजणीत मात्र त्यातील दोन्ही स्वर दीर्घ असल्यामुळे तो चार एककांचा भरतो. म्हणूनच मराठीत सतरा अक्षरे काटेकोर मोजत बसण्याचा आग्रह मला फारसा पटत नाही.

हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द असावा लागतो, आणि अशा शब्दांचे कोश जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले आहेत. बेडूक म्हटले की तिथे वसंत. आम्हाला आपापल्या गावची अशी वही करायला सांगितले, तेव्हा मला खान्देशचा अभिमान वाटला. 'आखाजी', म्हणजे अक्षय तृतीया, एवढा एकच शब्द लिहिला की वैशाखाचे ऊन, निंबाला टांगलेला झोका, माहेरी आलेल्या लेकी आणि त्यांची गाणी हे सगळे न सांगता हजर होते. 'कानबाई' म्हटले की श्रावण आला. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताचे नाव घेतले की थंडीची रात्र आणि शेतातली पंगत वेगळी सांगावी लागत नाही. निरक्षर बहिणाबाईंना असल्या वहीची गरज कधीच पडली नसती. माझ्यासारख्या वसतिगृहात वाढलेल्या मुलाला मात्र ती आजीला विचारून विचारून भरावी लागली.

त्याच वर्षी मला सुट्टीच्या सेवेसाठी साक्री तालुक्यातील एका गावी पाठवले होते. तिथे मंडळीतील एका घरी लहान मुलगी तापाने गेली आणि पाळक बाहेरगावी असल्याने चार शब्द बोलण्याचे काम माझ्यावर आले. पुनरुत्थान, देवाची योजना, सार्वकालिक जीवन हे सगळे मी व्यवस्थित, मुद्देसूद सांगितले. परतताना मुलीची आजी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "भाऊ, तू भलता बोलना रे." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला ते अधिक लागले.

सुट्टी संपल्यावर वर्गात इस्सा या हायकू कवीची (1763–1828) कविता आली. 1819 साली त्याची सातो नावाची तान्ही मुलगी देवीच्या रोगाने गेली. इस्सा श्रद्धाळू बौद्ध होता. हे जग दवाच्या थेंबासारखे क्षणभंगुर आहे, ही शिकवण त्याला मान्य होती आणि कवितेत तो ती मान्यही करतो: हे दवाचे जग, दवाचेच जग आहे. त्यानंतर एकच शब्द येतो, 'सारीनागारा', म्हणजे 'आणि तरीही'. तिथे कविता थांबते. त्या 'तरीही'पुढे काय, हे इस्सा सांगत नाही. तो आपला धर्म सोडत नाही आणि धर्माच्या आधाराने दुःख मिटवूनही टाकत नाही. साक्रीकडच्या त्या घरी मी नेमका तो शब्द गिळून टाकला होता.

शेवटच्या वर्षी परीक्षेचा उपदेश मी त्याच थोरल्या मुलावर केला. बाप बाहेर आला, बोलला, आत गाणी चालू होती, एवढे सांगून मी पुस्तक मिटले आणि खाली बसलो. 'समारोप नाही' असा शेरा मारून परीक्षकांनी माझे गुण कापले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते.