काठावरचा राजा

पडद्यावर दिसतंय ते एका भित्तिपटाचं, म्हणजे भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्राचं, छापचित्र आहे. मधोमध देवदेवता आहेत, ढग आहेत. पण आज मधला भाग सोडून काठाकडे बघू या. वेलबुट्टीच्या कोपऱ्यांत चार छोट्या चौकटी आहेत. खरा मजकूर तिथे आहे.

काळ १६६० च्या दशकातला. फ्रान्सवर चौदाव्या लुईचं राज्य. चित्रकार शार्ल ल ब्रंच्या आराखड्यांवरून पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात चार महाभूतांचे भित्तिपट विणले गेले. युरोपात महाभूतं चारच: पृथ्वी, जल, वायू, अग्नी. प्रत्येक पटाच्या चार कोपऱ्यांत चिन्हांतून सांगितलेले राजाचे चार गुण: धर्मनिष्ठा, मनाचा मोठेपणा, दयाळूपणा, शौर्य. ही चिन्हं ठरवण्याचं काम विणकराचं नव्हतं, चित्रकाराचंही नव्हतं. मंत्री कोल्बेर याने १६६३ मध्ये मोजक्या विद्वानांचं एक मंडळ नेमलं होतं. कुठल्या चिन्हाखाली कुठलं लॅटिन वचन शोभेल, यावर तिथे खल व्हायचा.

चिन्ह आणि वचन जुळवण्याच्या या कलेचे नियम शंभर वर्षं आधीचे. इटलीचा लेखक पाओलो जोव्हिओ सांगून गेला होता की चिन्हाला शरीर हवं आणि आत्मा हवा. शरीर म्हणजे चित्र, आत्मा म्हणजे वचन. अर्थ इतका गूढ नको की उलगडायला भविष्यवेत्ती बोलवावी लागेल, आणि इतका उघडही नको की कुणालाही चटकन कळेल. आणखी एक अट होती: चित्रात माणूस नको.

ही अट मला फार मोलाची वाटते. राजाची स्तुती करायची, पण राजा दाखवायचा नाही! मग बोलायचं कुणी? सूर्याने, गरुडाने, ज्वाळेने. वायूच्या पटासाठी आला स्वर्गपक्षी, आणि त्याचं वचन ‘सदैव उंचावर’. या पक्ष्याची कातडी पूर्वेकडून युरोपात यायची ती पाय कापूनच. त्यामुळे लोकांची समजूत झाली की याला पायच नाहीत, हा जमिनीवर कधी उतरतच नाही. समजूत चुकीची होती; पण कधीच खाली न येणाऱ्या राजासाठी याहून नेमकं चिन्ह कुठून मिळणार?

लोकरीचा आणि सोन्याच्या जरीचा पट महालातच राहायचा. कागद मात्र फिरतो. सेबास्तियाँ ल क्लेरने हे पट तांब्याच्या पत्र्यांवर उतरवले. पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने ओढलेली रेघ, मग उघड्या पडलेल्या रेघेतलं तांबं खाणारं आम्ल. छापताना सगळं उलटं उमटतं, म्हणून लॅटिनचं अक्षरन् अक्षर पत्र्यावर उलटं काढावं लागतं. १६७० मध्ये राजाच्या छापखान्यातून या छापचित्रांचा ग्रंथ निघाला, सोबत लेखक आंद्रे फेलिबियाँचं विवेचन.

पुढे तो जर्मनीत आउग्सबुर्गला पोचला. हे चांदीकाम करणाऱ्या कारागिरांचं शहर. १६८६ मध्ये याच शहरात लुईविरुद्ध युरोपातल्या सत्तांची युती झाली. आणि पुढच्याच वर्षी, १६८७ मध्ये, इथल्याच योहान उलरिश क्राउसने ही सगळी चित्रं पुन्हा कोरून जर्मन मजकुरासह छापली. राजा शत्रू होता, पण त्याचे पक्षी आणि त्याच्या वेली कारागिरांना हव्या होत्या.